दफ्तरातले आणि दफ्तराबाहेरचे

संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत दिवसपाळी सुटण्याच्या सुमारास एखाद्या मोठ्या कारखान्याच्या फाटकासमोर अर्धा तास उभे राहिले, तर विकसनशील देशांच्या अर्थकारणाविषयी गेल्या पन्नास वर्षांत जे ग्रंथ लिहिले गेले, त्यांतला बराचसा वाद डोळ्यांदेखत चालत जाताना दिसतो. एकाच फाटकातून निरनिराळ्या रंगांचे गणवेश बाहेर पडतात: एक त्या कारखान्याच्या कायम कामगाराचा, ज्याची भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी, ग्रॅच्युइटी आणि दिवाळीचा बोनस कागदोपत्री पक्का आहे, दुसरा ठेकेदाराच्या माणसाचा, जो त्याच यंत्रावर, त्याच आठ तासांत, तोच सुटा भाग घडवतो आणि पुष्कळ कमी पगार घेऊन घरी जातो, तिसरा शिकाऊ उमेदवाराचा, ज्याची उमेदवारी कधी संपेल हे त्याला सांगता येत नाही. फाटकाबाहेर पोह्यांची आणि चहाची गाडी आहे, माणसे कोंबून नेणारी सहाआसनी रिक्षा आहे. आणि जी खोकी सकाळी आत गेली, त्यांतले वॉशर व ब्रॅकेट लगतच्या एखाद्या गावात, भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, चार माणसांनी रात्रपाळी करून बनवलेले असू शकतात. संघटित अर्थव्यवस्था कोठे संपते आणि असंघटित कोठे सुरू होते, असे कोणी विचारले तर या फाटकाकडे बोट दाखवण्याचा मोह होतो. पण सीमारेषा फाटकावरून जातच नाही, ती आतल्या हजेरीपटामधून जाते.

विद्येच्या दरबारात हा प्रश्न तसा उशिरा आला. आर्थर लुइस यांनी १९५४ मध्ये जी उपपत्ती मांडली, तिच्याप्रमाणे पारंपरिक क्षेत्रातली अतिरिक्त श्रमशक्ती आधुनिक क्षेत्र हळूहळू ओढून घेईल, आणि ज्या दिवशी ती संपेल त्या दिवशी द्वैतही संपेल, अशी सर्वांची समजूत होती. कीथ हार्ट हे मानववंशशास्त्रज्ञ घानाच्या अक्रा शहरात उत्तरेकडून आलेल्या स्थलांतरितांमध्ये राहिले, आणि १९७१ मध्ये वाचलेल्या व १९७३ मध्ये छापलेल्या निबंधात त्यांनी सांगितले की ज्यांना आपण बेकार म्हणतो ते बेकार नसून अहोरात्र कामात आहेत; फक्त ते काम कोणाच्या नोंदीत नाही. १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या केनियाविषयक अहवालाने ‘अनौपचारिक क्षेत्र’ हा शब्द राजमान्य केला. केनियातले लोक स्वतः या धंद्यांना ‘जुआ काली’ म्हणतात. अर्थ, कडक ऊन. उन्हात बसून पत्रा ठोकणाऱ्याचे हे नाव पंडितांच्या नावापेक्षा मला अधिक प्रामाणिक वाटते. मराठी वाचकाला मात्र या शोधाची नवलाई थोडी कमी वाटावी. कारण धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे केलेल्या पुणे शहराच्या पाहणीचा पहिला भाग १९४५ मध्ये छापला गेला, तेव्हाच कारागीर, किरकोळ विक्रेता आणि मजूर हे अर्थशास्त्राच्या हिशेबात आलेले होते. त्यांना वेगळे नाव देण्याची गरज तेवढी गाडगीळांना वाटली नव्हती.

नावांचा घोळ आपल्याकडे अजून मिटलेला नाही. कामगार चळवळ ‘असंघटित’ म्हणते, विद्यापीठे ‘अनौपचारिक’ म्हणतात, आणि दोन्ही शब्द दिशाभूल करतात. कारण मोंढ्यातला हमाल कित्येकदा बँकेतल्या कारकुनाहून अधिक संघटित असतो, आणि ऊसतोडीच्या टोळीत जेवढा उपचार पाळला जातो तेवढा पुष्कळ सरकारी कचेऱ्यांतही पाळला जात नाही. सामान्य माणूस या दोन्ही शब्दांच्या वाटेला जात नाही. तो म्हणतो, ‘ठेकेदाराकडे आहे’, ‘रोजंदारीवर आहे’, ‘हातावर पोट आहे’. उलट बाजूसाठी त्याच्याजवळ एकच शब्द आहे, ‘परमनंट’. आणि मराठवाड्यात मुलाचे लग्न ठरवताना पत्रिकेच्या आधी तो विचारला जातो.

या प्रश्नावर आजवर जी मते मांडली गेली, त्यांचे ढोबळ तीन प्रवाह आहेत. पहिला लुइस यांच्या मार्गाने जाणारा; त्याच्या दृष्टीने हे क्षेत्र एक संक्रमणावस्था आहे, कारखाने वाढले की ते विरघळेल. दुसरा पेरूच्या हर्नांडो डी सोटो यांचा: दोष सरकारी जाचाचा आहे. लिमा शहरात एक लहानसा कपडे शिवण्याचा कारखाना कायदेशीरपणे काढायला २८९ दिवस लागतात, हे त्यांनी प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवले आणि १९८६ च्या व नंतरच्या आपल्या ग्रंथांत सांगितले की परवाने सोपे करा, मालमत्तेला कागद द्या, गरिबाचे निर्जीव धन सजीव होईल. तिसरा प्रवाह पोर्टेस, कॅस्टेल्स आणि आपल्या गुजरातेत आयुष्यभर हिंडलेले डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांचा. त्यांच्या मते ही दोन क्षेत्रे मुळात वेगळी नाहीतच, वरच्या मजल्याचा खर्च कमी राहावा म्हणून खालचा मजला मुद्दाम अंधारात ठेवलेला असतो. पहिल्या प्रवाहाचा निकाल काळाने लावला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे जगातील दोनशे कोटी माणसे, म्हणजे रोजगारात असलेल्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक, अनौपचारिक कामात आहेत. साठ वर्षे चाललेल्या संक्रमणाला संक्रमण म्हणण्यात हशील नाही. राहिलेल्या दोघांचा वाद संभाजीनगरच्या मातीवर तपासून पाहण्यासारखा आहे.

या शहराला यंत्रयुगाची ओळख निजामाच्या अमदानीत झाली. १८८९ मध्ये येथे सूत कातण्याची व कापड विणण्याची गिरणी उभी राहिली, आणि तिच्यात सातशेच्या आसपास माणसे कामाला लागली. १९०० मध्ये हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली, तशी या मुलखात सरकी काढण्याची जिने निघाली. जिनांचे काम हंगामी. हंगाम संपला की मजूर शेताकडे परत, म्हणजे कारखाना दफ्तरात आणि मजूर शिवारात, ही आजची व्यवस्था त्या काळीही अपरिचित नव्हती. हिमरू आणि मशरू विणणारे जुन्या शहरातले विणकर तर याच्या पुष्कळ आधीचे. त्यांचा माल घेणारे दरबार गेले, तसे त्यांचे मागही एकेक करून थांबले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने रेल्वे स्थानकाजवळ, मग चिकलठाण्याला वसाहती काढल्या. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला, आणि या शहराचे नशीब दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या सुट्या भागांशी बांधले गेले. एका मोठ्या कारखान्याभोवती पुरवठादारांचे एक कडे, त्या कड्याभोवती जॉबवर्क करणाऱ्यांचे दुसरे, त्याच्याही बाहेर घरगुती शेडचे तिसरे. आता शेंद्रा-बिडकीनला ऑरिक ही नवी नगरी वसते आहे. तिचे रस्ते रुंद आहेत, आणि त्या रस्त्यांवर सकाळी टेम्पोतून उतरणारी माणसे कोणाच्या हजेरीवर असतात, हे विचारायला फारसे कोणी थांबत नाही.

या कड्यांना आकार देण्यात कायद्याचाही हात आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने वीज वापरणाऱ्या जागी दहा आणि न वापरणाऱ्या जागी वीस कामगार असतील तरच तिला कारखाना म्हटले. भविष्यनिर्वाह निधीचा उंबरठा वीस माणसांचा, राज्य विम्याचा दहांचा. हेतू चांगला होता, लहान धंद्यावर कागदाचे ओझे पडू नये. पण उंबरठा दहाचा असला की नऊ माणसांची शेड जन्माला येते, आणि तोच मालक भावाच्या नावाने शेजारी दुसरी नऊ माणसांची शेड काढतो. २०२० च्या कामगार संहितेत दहाचे वीस आणि विसाचे चाळीस करण्यात आले; कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्याची मर्यादा महाराष्ट्राने त्याआधीच विसावरून पन्नासवर नेली होती. उंबरठा उंच करून घराबाहेरच्यांची संख्या कमी होते, हे गणित मला अद्याप उमगलेले नाही.

अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००४-०५ सालचे जे आकडे काढले, ते येथे सांगणे अवश्य आहे. देशातल्या सुमारे ४५.७ कोटी कामकऱ्यांपैकी ९२ टक्के अनौपचारिक. हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो. पण त्याच अहवालातला दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो. संघटित म्हणवणाऱ्या क्षेत्रात जे सव्वासहा कोटी लोक होते, त्यांतल्या सुमारे ४७ टक्क्यांना कोणतेही सामाजिक संरक्षण नव्हते. आणि त्याआधीच्या पाच वर्षांत या क्षेत्रात जेवढी रोजगारवाढ झाली, ती सगळी अशाच असुरक्षित स्वरूपाची होती. म्हणजे दफ्तरातले घर वाढले, पण वाढलेल्या खोल्या दफ्तराबाहेर बांधल्या गेल्या. मुंबईत हीच गोष्ट एका तडाख्यात घडली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरण्या ओस पडल्या, पण देशाने कापड नेसणे काही सोडले नाही. ते भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांवर निघू लागले, आणि गिरणीच्या मस्टरवरच्या माणसाची जागा बारा तासांच्या पाळीवरच्या माणसाने घेतली.

येथे लहान शेडच्या मालकाला खलनायक ठरवण्याची घाई करू नये. त्याची बाजू अशी की मोठी कंपनी माल आज उचलते आणि पैसे सवडीने देते. लहान उद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्याने पंचेचाळीस दिवसांची मुदत घातली आहे. ती उलटली तर व्याजासकट वसुलीसाठी दाद मागता येते, आणि एकदा दाद मागितली की पुढचे काम दुसऱ्याच्या शेडमध्ये जाते. त्यामुळे तो गप्प बसतो, भिशीतून किंवा सावकाराकडून पैसे उचलतो, आणि आपल्या चार माणसांचा पगार दहा तारखेऐवजी वीस तारखेला करतो. बँक ज्या कंपनीला स्वस्त दराने कर्ज देते तिला हा शेडवाला व त्याचे चार मजूर बिनव्याजी कर्ज देत आहेत, असा याचा जमाखर्च निघतो. खालचा मजला वरच्यावर पोसला जातो असे आपण समजत आलो. ओझे कोणाच्या खांद्यावर आहे हे या हिशेबाने उलटे दिसते.

दफ्तराबाहेर अंदाधुंदी असते, हीही समजूत टिकत नाही. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जी गाडी निघते तिची शिस्त पाहावी. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयत्यामागे उचल ठरते. उचल मुकादम देतो. मुकादमाला ती कारखान्याकडून मिळालेली असते. सहकारी साखर कारखाना ही महाराष्ट्राची सर्वांत सुप्रतिष्ठित औपचारिक संस्था: तिला पोटनियम आहेत, सभासद आहेत, लेखापरीक्षण आहे, निवडणूक आहे. पण ज्या हातांनी ऊस गव्हाणीपर्यंत येतो त्यांचे नाव तिच्या पगारपत्रकावर नसते. करार मुकादमाशी, आणि मुकादमाचा करार कोयत्याशी, तोही पुष्कळदा तोंडी. मुकादम हा शब्द जुन्या कागदांत गावच्या पाटलासाठी येतो. वतनाचा तो मानकरी श्रमाच्या बाजारात दलाल होऊन उरला, पण रयत आणि दरबार यांच्यामध्ये उभे राहण्याचे त्याचे काम काही सुटले नाही. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच टोळीत जायचे, हा दंडक कोणत्याही अधिनियमात नाही आणि तरीही कोणत्याही अधिनियमाहून कडक पाळला जातो. आणि या व्यवस्थेत कोण कोयता धरतो व कोणाचा ऊस तोडला जातो, हे जातीच्या आणि कोरडवाहू जमिनीच्या नकाशाशी ताडून पाहिले, तर ‘अनौपचारिक’ या शब्दामागे किती जुना उपचार दडलेला आहे ते ध्यानात येते.

डी सोटो यांच्या मताची कसोटी मात्र संभाजीनगर शहराच्या पोटातच आहे, आणि तिचे नाव गुंठेवारी. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. शहराच्या कडेच्या शेतकऱ्याने एकराचे तुकडे पाडले, वीस बाय तीस फुटांचे भूखंड आखले आणि शंभर रुपयांच्या मुद्रांकावर, ज्याला येथे नुसते ‘बाँड’ म्हणतात, ते विकून टाकले. खरेदीखत नाही, बिगरशेती परवाना नाही, नळ नाही, नाली नाही. तरी घरे झाली, कारण कारखान्यांना माणसे हवी होती आणि माणसांना परवडेल असे घर कायद्याच्या आत कोणी बांधत नव्हते. औद्योगिक शहराने आपल्या मजुराच्या निवाऱ्याचा खर्च अशा रीतीने मजुराच्याच माथी मारला. २००१ मध्ये राज्याने ही बांधकामे नियमित करण्याचा कायदा केला. २०२१ मध्ये तो सुधारून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू केला. हे शहर १६१० मध्ये वसवणारा मलिक अंबर जमिनीच्या मोजणीवर व उत्पन्नावर आधारलेल्या महसुली व्यवस्थेसाठी दख्खनमध्ये नावाजला गेला. त्याच्याच राजधानीत चारशे वर्षांनी जमीन विनादफ्तर विकली जावी, यात इतिहासाचा थोडा विनोद आहे. पण डी सोटो यांना अभिप्रेत असलेला चमत्कार येथे घडला का? नियमितीकरणाची रक्कम जे भरू शकले त्यांचे घर कागदावर आले, आणि ज्यांची ऐपत नव्हती ते होते तिथेच राहिले. कागद मिळालेल्याला तो मनःशांती देतो, मुलीच्या लग्नात पत देतो. पण रोजंदारीवरच्या माणसाला बँक कर्ज देते ते त्याच्या भिंती पाहून नव्हे, त्याच्या पगाराची पावती पाहून. आणि ती पावती गुंठेवारीच्या कायद्याने मिळत नाही. घर दफ्तरात गेले, घरमालक बाहेरच राहिला.

गुलमंडी, पैठण गेट, शहागंज या बाजारपेठांतल्या हातगाडीवाल्याची गोष्ट थोडक्यात आटोपता येईल, कारण ती सगळ्या शहरांत एकच आहे. महानगरपालिका त्याच्याकडून रोजची तहबाजारी घेते, पावती फाडते. आणि अतिक्रमण हटाव पथक आले की तीच पावती खिशात असताना गाडी उचलली जाते. वसुलीपुरता तो दफ्तरात, हक्कापुरता दफ्तराबाहेर. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समिती हे सगळे सांगितले आहे. आता गाडीवर यूपीआयचा चौकोनही चिकटवलेला दिसतो, आणि त्यामुळे तो औपचारिक झाला असे पुष्कळांना वाटते. माझे मत असे की त्याचा रुपया औपचारिक झाला, तो नाही. नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदी आणि जुलै २०१७ मधील वस्तू व सेवा कर यांनी हीच गफलत मोठ्या प्रमाणावर केली. व्यवहार दफ्तरात ओढले गेले, माणसे नाहीत. आणि जी शेड करपावती देऊ शकली नाही तिचे काम पावती देऊ शकणाऱ्या शेडकडे गेले.

ही चर्चा आकड्यांत आणि उपपत्तीत हरवू लागली की मला करमाडची आठवण होते. टाळेबंदीत, ८ मे २०२० च्या पहाटे, करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. ते मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांचे, जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला. गावी नेणारी गाडी मिळेल या आशेने भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघालेले. परवान्यासाठी अर्ज केले होते, उत्तर आले नाही, असे वाचलेल्यांनी सांगितले. जालन्याचे पोलाद हा काही हातगाडीचा धंदा नव्हे. भट्टी, वीजजोडणी, करनोंदणी, बँकेची पतमर्यादा असा तो सर्वार्थाने दफ्तरी उद्योग आहे. त्या उद्योगातून पायी निघालेल्या माणसांपाशी रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्या सापडल्या. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२१ मध्ये, केंद्राने ई-श्रम ही नोंदणी सुरू केली आणि तिच्यात कोट्यवधी नावे आली. नावे लिहिणे हे अर्धे काम झाले. दफ्तर कशासाठी उघडले जाते, वसुलीसाठी की देण्यासाठी, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

या बाबतीत महाराष्ट्राने एकेकाळी जी कल्पकता दाखवली, तिची आज आपल्यालाच विस्मृती पडली आहे. डोक्यावर ओझे वाहणाऱ्याला एक मालक नसतो, सकाळी या दुकानाचा आणि दुपारी त्या दुकानाचा माल तो उतरवतो. मग त्याची जबाबदारी कोणाची? १९६९ च्या माथाडी कायद्याने याचे उत्तर शोधले: मंडळ स्थापावे, मालक आणि हमाल दोघांचीही नोंद करावी, मजुरी व तिच्यावरची लेव्ही मालकांनी मंडळात भरावी, आणि भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी मंडळाने पाहावे. नोकरी कायम नसतानाही हक्क कायम असू शकतो, हे या कायद्याने दाखवून दिले. त्याच्या नावाखाली काही ठिकाणी खंडणीचा धंदा चालतो, अशी उद्योजकांची तक्रार आहे आणि ती सर्वस्वी खोटी नाही. पण विहिरीत कोणी घाण टाकली म्हणून विहीर बुजवत नाहीत, उपसतात. वाळूजच्या ठेकेदारी मजुरासाठी असे मंडळ का असू नये, हा प्रश्न मी येथे नोंदवून ठेवतो.

दुसरी कल्पना रोजगार हमीची. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या प्रयत्नातून ती राज्यभर उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी कोठून द्यायची, असा प्रश्न आला तेव्हा राज्याने शहरातल्या पगारदाराकडे पाहिले आणि १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. दफ्तरातल्या माणसाने दफ्तराबाहेरच्या माणसाच्या कामाला पैसे पुरवायचे, असा हा उघड व लेखी संबंध होता. दोन अर्थव्यवस्थांमध्ये एरवी जे देणेघेणे अंधारात चालते, ते एकदा तरी उजेडात आणले गेले होते. वाचकांपैकी जे पगारदार असतील त्यांनी या महिन्याचे पगारपत्रक काढून पाहावे. कपातीच्या रकान्यात दोनशे रुपयांची, आणि फेब्रुवारीत तीनशेंची, एक ओळ असते. ती त्या कराची आहे, आणि तो अजून कापला जातो.